तिसऱ्या भागातली आई

माझी आत्ती एके काळी फार देखणी होती, असं घरातले सगळे सांगत. सांगताना तिच्याकडं मात्र कुणी बघत नसे. तिच्या चेहऱ्याची उजवी बाजू अजूनही देखणीच होती. डावी बाजू कपाळापासून गळ्यापर्यंत जळालेली. डोळा शाबूत, पण पापणी खाली ओढलेली. ओठाचं टोक हनुवटीकडं ओघळून तिथंच थिजलेलं. कानाच्या जागी नुसती गाठ. पलूसकडच्या तिच्या सासरी स्टोचा भडका उडाला, असं कागदावर आहे. दवाखान्यात पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनंच तसं सांगितलं. खाटेच्या उशाशी माझे आजोबा उभे होते आणि तसं सांग म्हणून त्यांनीच तिला बजावलं होतं. सोयरीक तोडायची नव्हती. ती तुटलीही नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, आत्ती रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी परत आली, आणि दर वर्षी आमच्या यात्रेला तो माणूस पाहुणा म्हणून येऊन आमच्या बाहेरच्या सोप्यात मटण जेवत राहिला. रस्सा आत्तीच करायची. तो जेवून उठेपर्यंत तिनं चुलीपासून बाहेर यायचं नाही, एवढंच.

एवढं सोसलेली बाई मवाळ असेल असं वाटत असेल, तर ती तशी नव्हती. जिभेनं ती माणूस सोलून काढायची. माझ्या आईला मूल उशिरा झालं, त्यावरून आई मरेपर्यंत तिला टोमणे मारले. दारात पोरं दंगा करायला लागली की पदर बाजूला करून डावी बाजू त्यांच्या तोंडासमोर धरायची, पोरं किंचाळत पळायची, आणि ही पोट धरून हसायची. फोटोत मात्र कायम उजवीकडून. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत ती अशी उभी आहे की जणू तिला फोटोबाहेरून कुणीतरी हाक मारली आहे.

आठवड्याच्या बाजारात ती घेवडा विकायला बसे. तिथं एक दिवस केसांची शेंडी बांधलेला मुंबईचा माणूस आला. त्याच्याबरोबर गाड्या पुरवणारा आमच्याच भागातला एकजण होता. साताऱ्याच्या वरच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रानात, एका मोठ्या सिनेमाचं शूटिंग चालू होणार होतं आणि त्यांना चेहरे हवे होते. शेंडीवाल्यानं आत्तीसमोर मोबाइल धरला. तिनं सवयीनं उजवी बाजू दिली.

"दुसऱ्या बाजूनं, आजी," तो म्हणाला.

"तिकडनं काढशील तर डोळं काढीन तुजं."

तो घाबरला नाही. उकिडवा बसला आणि म्हणाला, "हिरोची आई आहे, आजी. हिरोची आई पाहिजे आम्हाला."

"कुठल्या हिरोची?"

त्यानं मोबाइलमध्ये पोस्टर दाखवलं. तो हिरो आमच्याकडं रिक्षांवर, सलूनच्या काचांवर, उसाच्या ट्रॅक्टरच्या मागं, सगळीकडं होता. या सिनेमाचे दोन भाग आधीच येऊन गेले होते आणि ते मी सांगलीत माझ्या नवऱ्याबरोबर पाहिले होते. पहिल्या भागात जमिनीच्या पोटातलं पाणी शोधायला केलेलं एक यंत्र पाण्याऐवजी माणसं ओढायला लागतं. हिरो फौजी, त्याचा एक हात यंत्र तोडतं, तिथं तो लोखंडी हात बसवून घेतो. दुसऱ्या भागात यंत्र माणसांची कातडी पांघरायला शिकतं आणि हिरोचा जिगरी दोस्तच यंत्र निघतो. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं लोखंडी हाताचा फौजी लोकांना लय आवडला. गणपतीच्या मिरवणुकीत पोरं हाताला पत्रा बांधून नाचली. त्या हिरोची आई व्हायचं, म्हणजे थोडी गोष्ट नव्हती.

माझे वडील आधी नको म्हणाले. मग पारावर बातमी आपोआप पोचली, लोक त्यांना चहा पाजायला लागले, आणि मग ते म्हणाले, "जाऊ दे. तेवढंच घराण्याचं नाव."

मी शाळेत शिकवते. सुट्टी होती आणि हिंदी समजणारी घरात मीच, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. पठारावर वारा असा की उभं राहवत नव्हतं. गंजक्या पत्र्यांचं एक घर उभं केलं होतं. तंबूत एका मुलीनं आत्तीला खुर्चीवर बसवलं, उजव्या गालाला पावडर लावली, मग कापूस ओला करून डावी बाजू हळूहळू पुसली. दवाखान्यातून सुटल्यावर त्या कातडीला दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. आत्तीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मेकअपचा मुख्य माणूस आला, वाकून बघितलं आणि मुलीला म्हणाला, "इधर कुछ नहीं करना. ये रेडी है."

हिंदीतलं तेवढं एकच तिला कळलं. "रेडी म्हणला बग त्यो," ती माझ्या कानात म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला सहन झाला नाही; पण तोडावा असाही तो नव्हता.

काम थोडंच होतं. ती घराच्या दारात उजवी बाजू दाखवत बसलेली. हिरो येतो. ती त्याच्याकडं न बघता म्हणते, "आलास का रं बाळा?" मग हळूच मान वळवून त्याच्याकडं बघते. हिरो त्या दिवशी नव्हताच. त्याच्या जागी एका काठीला लाल चेंडू बांधून एक पोरगेला माणूस उभा होता, आणि आत्तीनं चेंडूकडं बघायचं होतं. डायरेक्टर सारखा म्हणायचा, "हळू, आजी, अजून हळू." ती वळायची. पुन्हा. पुन्हा. पदरात कुणी पोर न आलेली माझी आत्ती त्या चेंडूकडं इतक्या मायेनं बघत होती की चेंडू धरलेल्या माणसानं मान खाली घातली. पुढं काय होतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा शेंडीवाला म्हणाला, "मॅडम, स्टोरी सिक्रेट असते."

आमच्याबरोबर आलेले वडील दिवसभर गाडीत बसून होते. परत येताना म्हणाले, "जेवाण बरं हुतं."

सिनेमा लागला तेव्हा गावाकडून दोन जीपा भरून माणसं सांगलीला आमच्याकडं आली. आत्ती नवं इरकली लुगडं नेसून. मॉलमधल्या थिएटरात आम्ही एक अख्खी ओळ आणि मागची अर्धी व्यापली. आत्तीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वडील.

तिसऱ्या भागात हिरो थकलेला आहे. यंत्रानं शहरं खाल्ली आहेत. कुणीतरी त्याला सांगतं की तुझी आई जिवंत आहे, आणि तो सगळं सोडून गावाकडं निघतो. वैराण पठार, बंद पडलेल्या पवनचक्क्या. आमच्या ओळीतून शिट्ट्या सुरू झाल्या. आणि मग ते पत्र्याचं घर, आणि दारात आत्ती. उजवी बाजू. पडदाभर. खरंच सांगते, ती सुंदर दिसत होती. आमची सगळी ओळ उभी राहिली. आत्तीनं माझं मनगट धरलं.

तिचा ओठ हलला, पण आवाज तिचा नव्हता. हिंदीत, लोखंड घासल्यासारखा कसलातरी आवाज आला, "आ गया, बेटा?" हिरो थांबला. संगीत थांबलं. तिनं मान वळवली.

थिएटरात एकदम किंकाळी उठली. कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. कॅमेरा त्या डाव्या बाजूच्या इतका जवळ गेला की कातडीवरचे चुण्यांचे चर नांगरटीसारखे दिसत होते. मग त्या कातडीच्या खाली, संगणकानं केलेलं, काहीतरी लोखंडी सरपटलं. म्हणजे ती आई नव्हतीच. यंत्रानं आईचं कातडं पांघरलं होतं, आणि ते नीट बसलं नव्हतं. हिरो ओरडला, "तू मेरी माँ नहीं है!" आणि त्याच्या लोखंडी हातातून आगीचा लोट निघाला.

ती पडद्यावर बराच वेळ जळत होती. हात वर करून, गोल फिरत, लुगडं पेटलेलं. ते शरीर दुसऱ्या कुणाचं तरी होतं किंवा कुणाचंच नव्हतं. पण चेहरा तिचा होता. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. आमची ओळ आधी गप्प होती. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि आमचीही माणसं टाळ्या पिटायला लागली. सगळं थिएटर वाजवत असताना हात मांडीवर ठेवून बसणं अवघडच. वडीलही वाजवत होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाले, "आगं, सिनेमा हाय त्यो."

माझ्या मनगटावर नखं रुतली होती. आत्ती पडद्याकडं बघत होती. हळू म्हणाली, "आसं न्हवतं. आसं गोल फिरत न्हाई माणूस. खाली पडतंय."

मध्यंतरात कॉलेजची चार-पाच मुलं तिच्याभोवती जमली. "आजी, तुम्हीच का? एक सेल्फी." एकीनं बोट पुढं करून विचारलं, "हे खरं आहे?" आत्ती नुसती वळली आणि डावी बाजू तिच्यासमोर धरली. गावाकडची पोरं पळायची तशी ही पळेल, असं तिला वाटलं असणार. मुलगी खिदळली, तिच्या गालाला गाल लावला आणि फोटो काढला.

पिक्चर तुफान चालला. सगळ्यात जास्त गाजला तो आईचा प्रसंग. मान वळवण्याचा तेवढा तुकडा कापून लोकांनी मोबाइलवर फिरवला. आधी उजवी बाजू, खाली ओळ, 'लग्नाआधी'. मग डावी बाजू, 'लग्नानंतर'. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही तो आला, आणि खाली हसणारी तोंडं टाकणाऱ्यांत तिचे सख्खे भाचे होते. पेपरात परीक्षण आलं. ते वडिलांनी सोप्यात बसून मोठ्यानं वाचलं. सिनेमाचं कौतुक होतं, एवढंच खटकलं होतं, की आईचा मेकअप फार बटबटीत आणि खोटा वाटतो. त्यावर अजून मेहनत घ्यायला हवी होती.

आत्ती घेवडा निवडत होती. "खोटा म्हंत्यात व्हय," ती म्हणाली. "मंग बरं हाय. धुतला की निगंल."

त्या वर्षीच्या यात्रेत कुस्त्यांच्या मैदानात तिचा सत्कार ठरला. दुपारची वेळ, मैदान माणसांनी भरलेलं, हलगी वाजत होती. चांगल्या कुस्त्या लागायच्या आधी निवेदकानं माइक हातात घेतला आणि गावाचं नाव जगात नेणाऱ्या आजींना पुढं बोलावलं. मी तिच्या मागं उभी होते. निवेदक बाहेरगावचा, त्याच्या हातात पाहुण्यांची नावं लिहिलेला कागद. तो त्यातलं नाव वाचून म्हणाला, "पलूसहून आलेल्या आपल्या सन्माननीय पाहुण्यांना विनंती, त्यांच्या शुभहस्ते शाल, श्रीफळ द्यावं."

तिचा नवरा उठला. म्हातारा झाला होता, पण अंगानं धिप्पाड, पांढरा फेटा. गावातल्या जुन्या माणसांच्या माना एकदम खाली गेल्या. वडील पंचांच्या शेजारी बसले होते. त्यांना हात वर करून थांबवता आलं असतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

त्या माणसानं शाल उलगडली आणि आत्तीच्या खांद्यावर टाकली. टाकताना त्याची बोटं तिच्या गळ्याला लागली, त्याच बाजूला. मग नारळ दिला. तिनं घेतला.

"आजी, एक डायलॉग होऊन जाऊ द्या!" निवेदकानं माइक तिच्या तोंडासमोर धरला.

आत्तीनं माइक हातात घेतला. आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात भाव सांगायचा. "मला ह्यानं जाळलं," ती म्हणाली. "ह्यो उबा हाय, फेट्यावाला, त्यो. राकेल ह्याच्या आईनं वतलं. काडी ह्यानं लावली. भाईरनं कडी घातली. शेजाऱ्यांनी दार उगाडलं म्हणून, न्हाईतर मी ऱ्हात न्हवते."

सगळं मैदान गप्प झालं. ते गप्प राहिलं असतं तर पुढं काय झालं असतं, मला माहीत नाही. पण कोपऱ्यातून एक शिट्टी आली. हलगीवाल्यानं हलगीवर थाप मारली. आणि टाळ्या. निवेदक हसत ओरडला, "वा! ह्याला म्हणतात कलाकार! अंगावर काटा आला मंडळी!" टाळ्या वाढतच गेल्या. लोकांना कळलं नाही असं नाही. पंचक्रोशीत सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि म्हणूनच टाळ्या इतक्या लवकर वाजल्या. त्या माणसानं चारी दिशांना हात जोडले, कौतुक स्वीकारल्यासारखे.

"डायलॉग न्हाई ह्यो," आत्ती म्हणत होती, "आरं, डायलॉग न्हाई—" पण तोवर वडील उठून आले होते आणि त्यांनी तिच्या हातातून माइक काढून घेतला होता. "बास आता. कुस्त्या लावा."

संध्याकाळच्या आधी तो माणूस दर वर्षीसारखा आमच्या घरी जेवायला आला. मला वाटलं होतं, आज येणार नाही. वडील स्वयंपाकघराच्या दारात येऊन आत्तीला म्हणाले, "रस्सा झालाय न्हवं?"

"झालाय."

तिनं ताटं वाढली. मग स्वतःचं एक ताट वाढून घेतलं, सोप्यात आली आणि पुरुषांच्या पंगतीत, बरोबर त्याच्या समोर, मांडी घालून बसली. पदर डोक्यावरून मागं सारला. डावी बाजू उजेडात. "जेवा की," ती म्हणाली. आमच्या घरात बाईमाणूस असं कधी बसलं नव्हतं. वडिलांचा घास हातात राहिला.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून बघत होते. त्याच्या घशाखाली उतरू नये, त्यानं ताट सारून उठावं, असं मला फार वाटत होतं. तो जेवला. भाकरी कुस्करून, बोटं चाटत. वर रस्सा मागून घेतला, आणि तो तिच्याकडंच मागितला. "जरा तिखाट कमी झालंय," म्हणाला.

तिनं वाढला. मीठ हवं का विचारलं. मग परत बसून आपलं जेवण संपवलं. तो गेल्यावर वडील तिच्यावर खूप ओरडले. घराची अब्रू, सोयरीक, वय. ती भांडी घासत होती. ओरडून ओरडून ते थकले तेव्हा म्हणाली, "दादा, मी आता भाचीकडं सांगलीला जात्ये. तुजं तू करून खा."

ती माझ्याकडं आली ती राहिलीच. आमच्या सोसायटीत भाजी घेताना सगळ्यांशी भांडते. गेल्या वर्षी शेंडीवाल्याचा फोन आला: चौथा भाग होतोय, आजी पुन्हा हव्यात. मी फोन ठेवणार होते. ती म्हणाली, "इचार त्याला, मी जळत्ये का म्हणून."

मी विचारलं. तो हसला. "नाही हो मॅडम. आता आजी यंत्राची राणी आहेत. त्या सगळ्यांना मारतात."

"कुणाकुणाला?" आत्तीनं फोन माझ्याकडून घेतला. "फेटेवाली माणसं हायत का त्यात?"

ती गेली. मीही गेले. या वेळी ना पठार होतं ना पत्र्याचं घर. एका हॉलमध्ये चहूबाजूंनी कॅमेरेच कॅमेरे लावलेली एक गोल जागा होती. तिला मधोमध बसवलं. हसा म्हणाले, रडा म्हणाले, तोंड उघडा, डोळे फिरवा, रागवा. तिनं सगळं केलं. जेवायच्या वेळेआधीच आटोपलं. "आता चेहरा आमच्याकडं आला," तिथला माणूस खुशीत सांगत होता. "आजींना आता कधीच यायला लागणार नाही. पुढचे सगळे भाग कॉम्प्युटरवर होतील. अगदी त्या नसल्या तरी."

मी ते तिला मराठीत सांगितलं. अगदी शेवटचं वाक्यही सांगितलं.

"म्हंजी मेल्यावर बी हे असंच त्वांड?" तिनं विचारलं. मग कागदावर अंगठा दिला आणि शाई पुसायला फडकं मागितलं.

चौथा भाग पडला. लोक म्हणाले, तोच तोच मसाला झालाय. सांगलीत आठवड्यातच खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. तिला घेऊन मी दुपारच्या खेळाला गेले, तर थिएटरात आम्ही आणि गार हवेला आलेली दोन-चार जोडपी. पडद्यावर तिचा चेहरा डोंगराएवढा झाला होता. त्याच्या तोंडातून ज्वाळा निघत होत्या, खाली पलटणीच्या पलटणी राख होत होत्या. त्या गर्दीत फेटेवालं कुणी नव्हतं, सगळे परदेशी दिसणारे. आत्तीनं थोडा वेळ बारकाईनं बघितलं, मग खुर्चीत पाय वर घेतले आणि मध्यंतराआधीच घोरायला लागली. बाकीचा सिनेमा मी एकटीनं पाहिला. दिवे लागल्यावर तिला हलवलं.

"मेले का समदे?" तिनं डोळे चोळत विचारलं.

"मेले."

"बरं," ती म्हणाली, आणि खुर्चीखाली वाकून आपली एक चप्पल शोधायला लागली.